बीसीए की बीएस्सी कॉम्प्युटर? मामाच्या ओट्यावरची चर्चा

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोललं तसंच ठेवलं आहे, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकला आहे.)



आजचा विषय मी ठरवलेला नाही, तुम्ही ठरवलाय. बारावीचे निकाल जवळ आले की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो. भुसावळहून येतो, शिरपूरहून येतो, दोंडाईचाहून येतो. ‘ताई, बीसीए घेऊ की बीएस्सी कॉम्प्युटर?’ पुढे दोन हात जोडलेले इमोजी. आणि बहुतेक वेळा तिसरं वाक्य असतं, ‘उद्या शेवटची तारीख आहे.’

आता शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मी काय उत्तर देणार? म्हणून यावेळी जरा आधीच बोलू. आणि नुसती माहिती सांगण्यापेक्षा आमच्या घरात घडलेली गोष्टच सांगते, कारण त्यात मी स्वतः आधी चुकीचं उत्तर दिलं होतं.

गोष्ट २०२४ च्या जूनमधली. माझं आजोळ अमळनेर तालुक्यातलं एक खेडं. मामाची मुलगी, घरात तिला सगळे छोटीच म्हणतात, त्या वर्षी बारावी सायन्सला होती. चारही विषय घेतलेले, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो. २१ मे ला बोर्डाचा निकाल लागला, ठीक होता. ४ जूनला नीटचा लागला, तो ठीक नव्हता. त्या वर्षीच्या नीटचा गोंधळ तुम्हाला आठवत असेल, सगळ्या देशात गाजला. पण छोटीचे मार्क गोंधळ नसता तरी पुरले नसते, हे तिलाही माहीत होतं.

मी शनिवारी जळगावहून अमळनेरला गेले. संध्याकाळी ओट्यावर बसलो. मामा म्हणाला, “माय, माले एक सांग. यामाबी कंप्युटर, त्यामाबी कंप्युटर. मंग फरक काय शे?”

मामाचा प्रश्न अगदी बरोबर होता. छोटीचा प्रश्न मात्र वेगळा होता. ती मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, “ताई, मला बाकी काही नको. एवढंच सांग, कशात मॅथ्स नाहीये?”

बारावीला मॅथ्समध्ये तिला ४८ मार्क होते. दोन वर्षं नीटच्या मागे लागून मॅथ्स मागे पडलं होतं, आणि आता त्याचं नाव काढलं तरी तिच्या पोटात गोळा यायचा. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “मग बीसीए घे. मी केलंय ना. काही त्रास होत नाही.”

हे झालं माझं पहिलं उत्तर. खुशाल दिलं. मामी खूश, छोटी खूश, आम्ही रात्री शेवभाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर अ‍ॅडमिशनची माहिती शोधायला बसले, तेव्हा कळलं की माझ्या वेळचं जग राहिलेलंच नाही. मी २०१७ ला बीसीएला गेले तेव्हा मार्कशीट आणि टीसी घेऊन कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचा, संपलं. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या अखत्यारीत आले. एआयसीटीई म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी दिल्लीची परिषद. ते आले म्हणून महाराष्ट्रात सीईटी सेलने या कोर्ससाठी वेगळी प्रवेश परीक्षा सुरू केली. आणि ती पहिली परीक्षा मे महिन्याच्या शेवटी होऊन गेली होती! छोटीला माहीतच नव्हतं. मला माहीत नव्हतं. तिच्या ज्युनिअर कॉलेजात कोणी बोललं नव्हतं.

ही आमच्याच घरची गंमत नव्हती बरं का. राज्यभर तेच झालं. जागा लाखाहून जास्त, आणि पहिल्या परीक्षेला बसलेली मुलं पन्नास हजारांच्या आत. शेवटी ४ ऑगस्टला परत एकदा परीक्षा घ्यावी लागली. आणि दरम्यान काही कॉलेजांनी काय केलं? कोर्सचं नावच बदललं. नाव बीसीए नसलं की एआयसीटीई नको, सीईटी नको, जुन्यासारखी थेट अ‍ॅडमिशन. या नाव बदलण्यावर मी पुढे परत येणार आहे, कारण त्यात एक खड्डा आहे.

तर छोटीपुढे आता खरा पेच होता. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला सीईटी नव्हती. बारावीच्या मार्कांवर प्रवेश, जूनमध्येच. पण त्यात मॅथ्स. बीसीएसाठी ऑगस्टपर्यंत थांबायचं, परीक्षा द्यायची, मग कॅपच्या फेऱ्या. तोपर्यंत बीएस्सीच्या जागा भरून जाणार. मामा म्हणाला थांबूया, पोरीला जे हवं ते. छोटीही म्हणाली थांबते. आणि मला त्या क्षणी माझी स्वतःची एक जुनी गोष्ट आठवली, जी मी घरात कोणालाच सांगितली नव्हती.

मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होते. एका मोठ्या आयटी कंपनीची जाहिरात आली. नाव घेत नाही. योजना अशी होती की बीसीए, बीएस्सी झालेल्यांना नोकरीत घ्यायचं, पगार द्यायचा आणि सोबत पुढचं शिक्षणही कंपनीच्या खर्चाने. आमच्यासारख्या घरासाठी याहून चांगलं काय असणार! मला टक्के होते, बॅकलॉग नव्हता. फॉर्म भरत गेले आणि एका प्रश्नावर आले. पदवीला मॅथ्स विषय होता का? मी मनात म्हटलं, होता की, पहिल्या वर्षाला बिझनेस मॅथ्स होतं. आणि खालीच बारीक अक्षरात लिहिलेलं, बिझनेस मॅथ्स धरलं जाणार नाही.

मी ‘नाही’वर क्लिक केलं. फॉर्म तिथेच संपला.

माझ्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावर बीएस्सीला असलेली एक मैत्रीण त्याच योजनेत गेली. ती माझ्यापेक्षा जास्त हुशार होती का? खरं सांगू, प्रोग्रामिंगमध्ये नव्हती. तिची प्रॅक्टिकलची फाइल मी लिहून दिलीय. पण तिच्या मार्कशीटवर मॅथ्स हा शब्द होता आणि माझ्या मार्कशीटवर तो चुकीच्या विशेषणासोबत होता.

गैरसमज नको. माझं काही वाईट झालं नाही. २०२० ला मी एमसीएची सीईटी दिली, त्याच वर्षापासून एमसीए तीनचं दोन वर्षांचं झालं होतं, ते पूर्ण केलं, आज सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, घरी बसून, जळगावात. पण त्या दिवशी मला जे कळलं ते कोणी बारावीत सांगायला हवं होतं. म्हणून त्या रविवारी मी छोटीला म्हणाले, “कालचं उत्तर मागे घेते. आपण परत बसू.”

आणि आम्ही उलटं सुरू केलं. आधी विचारलं, तीन वर्षांनी तुला कुठल्या कुठल्या दारातून जायचं असू शकतं? मग प्रत्येक दाराशी काय अट लिहिलीय ते वाचलं. एकेक जाहिरात, एकेक माहितीपत्रक, फोनवर पीडीएफ उघडून. दुपारभर चाललं. मामा मध्ये मध्ये चहा पाठवत होता.

पहिलं दार नोकरी. पदवीनंतर लगेच. इथे सुखद धक्का बसला. फ्रेशर घेणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटर, आयटी एकाच ओळीत असतात. टीसीएसची पदवीधरांसाठीची भरती बघा, विप्रोची बघा. दोघांनाही बोलावतात, दोघांचीही तीच परीक्षा, तोच पगार. मॅथ्सची अट काही ठिकाणी असते, जशी मला आडवी आली, पण सगळीकडे नाही. छोट्या कंपन्या तर डिग्रीचं नाव विचारतसुद्धा नाहीत, म्हणतात गिटहब दाखव, प्रोजेक्ट चालवून दाखव.

मामाला मात्र कंपनीत रस नव्हता. त्याला बँक हवी होती. बँकेचं गणित सोपं आहे. क्लार्क किंवा पीओ व्हायचं असेल तर कुठलीही पदवी चालते, दोन्ही कोर्स सारखे. एमपीएससीलाही तेच, पदवीधर असलं की पुरे. पण आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट भरतीत आयटी ऑफिसर म्हणून जे पद असतं, त्याला चार वर्षांचं इंजिनिअरिंग लागतं, किंवा कॉम्प्युटरमधलं पदव्युत्तर शिक्षण, किंवा पदवीसोबत डोएकची ‘बी’ लेव्हल. म्हणजे नुसतं बीसीए असो की नुसतं बीएस्सी, दोघीही बाहेर उभ्या. इथेही फरक शून्य.

म्हणजे मामाचा ओट्यावरचा प्रश्न अर्धा सुटला होता. नोकरीच्या दारात फरक फार थोडा. फरक दिसायला लागला तो पुढे शिकायच्या दारांत. आणि छोटीला पुढे शिकायचं होतं, हे ती नीटच्या आधीपासून सांगत होती.

राज्याची एमसीएची सीईटी घ्या. शंभर प्रश्न, त्यात तीस मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्सचे. बीसीएवाल्यांना प्रवेशाचा हक्क थेट असतो, तिथे बीसीएची बाजू भक्कम आहे, मी त्यातूनच गेले. पण तीस प्रश्न मी कसे सोडवले माहितेय? सोडवलेच नाहीत. अंदाजाने खुणा केल्या. कसंबसं निभावलं, आणि म्हणूनच मला जे कॉलेज मिळालं ते मिळालं.

मग निमसेट. हे नाव आपल्याकडे फार मुलांना माहीत नसतं, म्हणून इथे जरा थांबते. एनआयटी असतात ना, केंद्र सरकारची इंजिनिअरिंग कॉलेजं, त्यांपैकी काहींमध्ये एमसीए आहे. तिरुचिरापल्ली, वारंगल, सुरतकल, रायपूर आणि आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे भोपाळ. भुसावळहून गाडीत बसलं की इटारसीमार्गे सरळ भोपाळ. या सगळ्यांची एकच परीक्षा, तिचं नाव निमसेट. बीसीएला बंदी नाही. पण अट आहे की पदवीला मॅथ्स किंवा स्टॅटिस्टिक्स हा विषय हवा, आणि ओपनला साठ टक्के हवेत. आणि पेपर? एकूण १००० मार्कांपैकी ६०० मॅथ्सचे. कॉम्प्युटरचे १२०.

परत सांगते. एमसीएची परीक्षा, त्यात कॉम्प्युटरला १२० आणि मॅथ्सला ६००.

हे वाचून छोटी फोनकडे बघतच राहिली. “मग त्यांनी नाव तरी एमसीए कशाला ठेवलं?” म्हणाली. मला हसू आलं, पण प्रश्न चांगला होता. कॉम्प्युटर शिकताना वरच्या पायरीवर मॅथ्सच लागतं, आणि ज्या संस्थांना निवडक मुलं हवीत त्या मॅथ्सनेच चाळणी लावतात. आवडो न आवडो.

अजून एक दार आहे, थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगचं. डिप्लोमावाले जातात ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या पात्रतेत बीएस्सीचंही नाव लिहिलेलं आहे, ओपनला ४५ टक्के, राखीवला ४०, आणि बारावीला मॅथ्स झालेलं हवं. फार कोणी जात नाही, कारण तीन वर्षं करून परत तीन वर्षं कोण करणार. पण दार आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई बीएस्सीची जाहिरात करतेय. नाही हो. ज्याने बारावी आर्ट्सला केली, कॉमर्सला केली, किंवा सायन्सला पण मॅथ्स सोडून बी ग्रुप घेतला, त्याच्यासाठी बऱ्याच ठिकाणी बीएस्सी कॉम्प्युटरचं दार आधीच बंद आहे. त्याच्यासाठी बीसीए हे कॉम्प्युटरमध्ये शिरायचं सरळ दार आहे. आणि सीईटीला घाबरायचं कारण नाही. पहिल्या वर्षीचा पेपर बघा, दीड तासात शंभर प्रश्न, चाळीस इंग्लिश, तीस रीझनिंग, पंधरा सामान्य ज्ञान, पंधरा कॉम्प्युटरच्या प्राथमिक गोष्टी. मॅथ्सचा वेगळा भागच नाही. आमच्या बॅचमध्ये एक मुलगा आर्ट्सचा होता, चोपड्याकडचा. पहिल्या वर्षी त्याला फोल्डर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आज तो आमच्यात सगळ्यात जास्त पगार घेतो. त्याने मॅथ्सची उणीव पुढे स्वतः भरून काढली, तेही यूट्यूबवरून, हॉस्टेलच्या गच्चीवर.

पण छोटीकडे बारावीचं मॅथ्स होतं. ४८ का असेना, होतं. आणि ती ते टाकून द्यायला निघाली होती, फक्त भीतीपोटी. माझा आक्षेप तेवढाच होता.

मग राहिला प्रश्न आत काय शिकवतात. आम्ही दोन्ही सिलॅबस शेजारी शेजारी ठेवले. सी, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग, जावा, पायथन, वेब, शेवटी प्रोजेक्ट. हे दोन्हीकडे आहेच, धड्यांची नावंसुद्धा सारखी. बीसीएकडे त्यासोबत अकाउंट्स, मॅनेजमेंट, बिझनेस कम्युनिकेशन येतं. बीएस्सीकडे त्याजागी मॅथ्स, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स यातलं काहीतरी येतं. बास. बाकी जो फरक लोक सांगतात, की बीसीए प्रॅक्टिकल आणि बीएस्सी थिअरी, तो मला कागदावर दिसला नाही. तो फरक कॉलेजच्या लॅबमध्ये असतो.

इथे आपल्या विद्यापीठाबद्दल दोन शब्द, कारण सिलॅबस तिथून येतो. आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, त्याआधी आपण सगळे पुणे विद्यापीठाखाली होतो. २०१८ ला त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं तिच्या नावाच्या शिक्क्याची डिग्री आपण घेतो, मला हे फार भारी वाटतं. असो. तर सगळ्या संलग्न कॉलेजांना सिलॅबस विद्यापीठाचा. पण जळगावचं मू. जे. सारखं स्वायत्त कॉलेज असेल तर ते आपला सिलॅबस स्वतः ठरवतं. म्हणजे ‘बीएस्सी कॉम्प्युटर’ म्हणून गुगल करून जो पीडीएफ मिळेल तो तुमच्या कॉलेजचा असेलच असं नाही. कॉलेजच्या वेबसाइटवरचाच उघडा, आणि वरती वर्ष बघा. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२४ पासून संलग्न कॉलेजांत सगळी रचना बदलली, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, वगैरे. त्यामुळे २०१९ चा पीडीएफ वाचून निर्णय घेऊ नका. आणि बीएस्सी घेणार असाल तर कॉलेजला आवर्जून विचारा, कॉम्प्युटरसोबत मॅथ्स ठेवता येतं का? मार्कशीटवर ते मॅथ्स म्हणूनच छापून येतं का? काही ठिकाणी सोबतीला दुसरेच विषय देतात, मग बीएस्सी घेऊन काय मिळवलं?

आणि हा तो खड्डा, नाव बदलण्याचा. समजा एखाद्या कॉलेजने सीईटी टाळायला बीसीएसारखाच कोर्स बीकॉमच्या नावाखाली सुरू केला. तीन वर्षं तुम्ही प्रोग्रामिंगच शिकणार, पण डिग्रीवर बीकॉम. मी एमसीएला बसले त्या वेळच्या नियमाची भाषा अशी होती की बीसीए थेट पात्र, आणि बीएस्सी, बीकॉम, बीए असेल तर बारावीला किंवा पदवीला मॅथ्स हवं. म्हणजे मॅथ्स नको म्हणून जो तिकडे गेला, तोच पुढे मॅथ्सच्या अटीत अडकणार. हे नियम दर काही वर्षांनी सैल-घट्ट होतात, म्हणून त्या वर्षाचं माहितीपत्रक काढून पात्रतेचा परिच्छेद वाचायचा, दुसरा उपाय नाही. नावाचा घोळ नवा नाही म्हणा. पुणे विद्यापीठात कॉमर्सखालचं बीसीए होतं त्याचं बीबीए सीए झालं आणि सायन्सखालचं बीसीए सायन्स राहिलं. पुण्याच्या इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलेलं, तुमचं कुठलं बीसीए? मला प्रश्नच कळला नव्हता.

सोमवारी आम्ही कॉलेजं बघायला निघालो. मी, छोटी आणि मामा. एसटीत आम्हा दोघींना अर्धं तिकीट, मामाला पूर्ण. त्याने कंडक्टरकडे असं बघितलं की विचारू नका.

एका कॉलेजात चकाचक माहितीपुस्तिका दिली. छोटी म्हणाली लॅब बघायची आहे. क्लार्क म्हणाले, सर आल्यावर. सर आले नाहीत. काचेतून बघितलं तर वीसेक मशीन, निम्म्यांवर कव्हर आणि कव्हरवर धूळ. दुसऱ्या कॉलेजात पुस्तिका नव्हती, एक झेरॉक्स कागद होता. पण लॅब उघडी होती, सुट्टी असून थर्ड इयरची चार पोरं प्रोजेक्ट करत बसली होती. छोटीने त्यांनाच विचारलं, इथे मॅथ्स कोण शिकवतं? एक मुलगी म्हणाली, “मॅडम आहेत. कडक आहेत, पण डाउट विचारला तर परत शिकवतात.” मॅडम कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हेही मी विचारलं. कायम नव्हत्या, पण सहा वर्षांपासून त्याच होत्या. आपल्या भागात हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण दर सेमिस्टरला शिकवणारं माणूस बदललं तर कोर्सचं नाव काही का असेना.

फीचा मुद्दा घाईत सांगते. दोन्ही कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात, त्यामुळे ‘बीएस्सी म्हणजे स्वस्त’ असं गृहीत धरू नका. एकूण आकडा लेखी मागा, त्यात परीक्षा फी, लॅब फी, सगळं. त्याच जुलैमध्ये मुलींच्या फी माफीचा शासन निर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुली, व्यावसायिक कोर्स आणि प्रवेश कॅपमधून. मामाने टीव्हीवर ऐकलं आणि फोन केला, “मंग आते थांबूत का ऑगस्टलोंग?” मी म्हणाले, कॉलेजच्या ऑफिसात जा आणि महाडीबीटीवर त्यांच्या कॉलेजच्या नावाखाली तो कोर्स उघडून दाखवायला सांगा. स्क्रीनवर दिसलं तर खरं. मामा गेला. तिथे कोणी उघडून दाखवलं नाही. तो परत आला आणि म्हणाला, पोरीलाच ठरवू दे.

छोटीने त्या झेरॉक्स कागदाच्या कॉलेजात बीएस्सी घेतलं. कॉम्प्युटरसोबत मॅथ्स ठेवलं. मी खूश झाले असं तुम्हाला वाटेल. मला त्या रात्री झोप आली नाही. कारण मुलगी मॅथ्सला घाबरते हे मला माहीत होतं आणि तरी मी तिला तिकडे ढकललं होतं. माझी तुटलेली गोष्ट मी तिच्याकडून जोडून घेतेय की काय, असं वाटत होतं.

आणि पहिल्या सेमिस्टरला तिला मॅथ्समध्ये केटी लागली.

तिने मला सांगितलं नाही. मामीकडून कळलं. मी फोन केला तर म्हणाली, “ताई, तू सॉरी म्हणू नको. मीच दिवाळीनंतर लेक्चरला गेले नाही.” मग त्या कडक मॅडमनी तिला बोलावलं, बारावीचं पुस्तक काढायला लावलं, मॅट्रिक्सपासून परत सुरू केलं. केटी निघाली, पुढच्याच परीक्षेत. मार्क सांगण्यासारखे नाहीत, पण निघाली. दुसऱ्या वर्षी ग्राफ थिअरी आली, आणि ती तिला चक्क आवडली. म्हणाली, हे तर आपल्या एसटीच्या रूटसारखंच आहे, अमळनेर, धरणगाव, एरंडोल, पारोळा, कुठून कुठे जायला किती वेळ. मी म्हणाले, हो, गुगल मॅप पण तेच करतं. तर म्हणाली, “मग हे अकरावीत का नाही शिकवलं?”

तिच्या वर्गातली एक मैत्रीण ऑगस्टची सीईटी देऊन बीसीएला गेली. तीही छान चाललीय. तिला मॅथ्स नको होतं, अकाउंट्स आवडत होतं, तिला जीएसटीचं सॉफ्टवेअर बनवायचंय. तिच्यासाठी बीसीएच बरोबर होतं आणि मी तिला कधीच बीएस्सी घे म्हटलं नसतं.

तर ज्यांची उद्या शेवटची तारीख आहे त्यांनी आज रात्री एवढं करा. ज्या नोकरीचं किंवा ज्या पुढच्या कोर्सचं स्वप्न आहे त्याची गेल्या वर्षीची जाहिरात उघडा, पात्रतेचा परिच्छेद शोधा, त्यात मॅथ्स शब्द आहे का बघा. असेल तर तुमच्या होणाऱ्या मार्कशीटवर तो शब्द येणार आहे का, हे सकाळी कॉलेजला विचारा. आणि बीसीए घेणार असाल तर सीईटीचा फॉर्म बारावीच्या निकालाची वाट न बघता भरा, तारखा सीईटी सेलच्या वेबसाइटवर बघा, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

परवा छोटीचा मेसेज आला. रात्री साडेअकराला. मला वाटलं परत काही अडलं. मेसेज असा होता, ‘ताई, भुसावळहून भोपाळला रात्रीची गाडी असते का गं? सहज विचारतेय.’

मी टाइमटेबलचा स्क्रीनशॉट पाठवला आहे.

पुढच्या भागात पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाबद्दल बोलू, त्यावरही बरेच प्रश्न आलेत. प्रश्न पाठवताना बारावीला कुठले विषय होते तेवढं नक्की लिहा, म्हणजे मला उत्तर देता येईल. भेटूया.